पोलंडला जाताय, तर ऑशविट्झच्या आधी काझिमिएशला जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरच्या सुरुवातीला आठ दिवस पोलंडला जाताय. सोबत पत्नी, सोळा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांचे वडील. एका मित्राने सांगितले की पोलिश लोक तुसडे आणि ज्यूद्वेष्टे. दुसऱ्याने सांगितले की युद्धात त्यांच्याइतके कोणी सोसले नाही. यातले खरे काय, ज्यूंचा इतिहास कळायला ऑशविट्झच्या नाझी छावणीतला एक दिवस पुरेल का, आणि मुलांना तिथे न्यावे का?

मी सतरा वर्षे क्राकूवमध्ये राहते. दुभाषी म्हणून आले, आणि गेली बारा वर्षे महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबांना आणि गटांना हा देश दाखवते. तुमचे तीन प्रश्न मला दरवर्षी विचारले जातात. माझ्या मते त्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे. तुम्हाला निघायच्या आधी निकाल हवा आहे, पोलंड आरोपी की फिर्यादी. निकाल खिशात घालून आलेला माणूस इथे फक्त पुरावे गोळा करत फिरतो, आणि त्याला ते मिळतातही, कारण दोन्ही बाजूंचे पुरावे भरपूर आहेत. निकालापेक्षा तुमच्या उपयोगाचा आहे तो क्रम. आधी काय बघायचे आणि नंतर काय, हे ठरले की बाकीचे बरेच आपोआप जागेवर बसते.

हे मला कसे कळले ते सांगते. सुरुवातीची दोन वर्षे मी सगळे करतात तसेच करत होते. पहिल्या दिवशी विमानतळ ते हॉटेल, दुसऱ्या दिवशी सकाळीच बसने ऑशविट्झ. एका संध्याकाळी परतताना चिंचवडच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, एवढी माणसं मारली हे कळलं. पण हे लोक इथे आले कुठून, राहत कसे होते, खात काय होते, ते काहीच कळलं नाही बघ." त्या रात्री मला झोप आली नाही. दिवसभर मी त्यांना कापलेल्या केसांचे ढीग, चपला, नावे लिहिलेल्या सुटकेसा दाखवल्या होत्या. माणूस एकही दाखवला नव्हता. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या मरणाने नुसती धडकी भरते, दुःख होत नाही. त्यानंतर मी एकाही गटाला पहिल्या दोन दिवसांत ऑशविट्झला नेले नाही.

आता त्या बाईंचा प्रश्न. ज्यू इथे आले कुठून?

पश्चिम युरोपातून हाकलले गेले म्हणून. क्रुसेडच्या काळात जर्मन शहरांत त्यांच्या कत्तली झाल्या, इंग्लंडने १२९० मध्ये त्यांना देशाबाहेर काढले, पुढे फ्रान्सने आणि १४९२ मध्ये स्पेनने. त्याच काळात पोलंडच्या राजांना व्यापार वाढवायला, गावे वसवायला, हिशेब ठेवायला माणसे हवी होती. १२६४ मध्ये कालिश शहरी राजपुत्र बोलेस्वाव याने ज्यूंना सनद दिली: त्यांच्या जिवाला, मालमत्तेला आणि प्रार्थनेला संरक्षण, आणि ख्रिश्चन मूल मारल्याचे खोटे आळ घेण्यास मनाई. ही सनद पुढे काझिमिएश राजाने साऱ्या राज्याला लागू केली. पोलिश शाळांत या राजाबद्दल शिकवतात की त्याला पोलंड लाकडी मिळाला आणि जाताना त्याने तो दगड-विटांचा करून ठेवला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ दोनशे वर्षे ज्यूंची स्वतःची एक परिषदही होती. कर गोळा करणे, तंटे सोडवणे ही कामे ती करी. युरोपात दुसरीकडे कुठे त्यांना इतका स्वायत्त कारभार नव्हता. हिब्रूत 'पो लिन' म्हणजे 'इथे विसावा'. देशाच्या नावाचा असा अर्थ लावणारी दंतकथा ज्यूंनीच रचली, आणि परक्या देशाबद्दल अशी गोड दंतकथा कोणी उगाच रचत नाही.

पण सनद राजाची होती, शेजाऱ्याची नव्हती. हा फरक ध्यानात ठेवा. पूर्वेकडच्या मोठ्या जमीनदारांनी आपली गावे, गिरण्या, दारूचे गुत्ते ज्यूंना मक्त्याने चालवायला दिले. शेतकरी वेठबिगार, जमीनदार लांब शहरात. समोर दिसणारा, वसुली करणारा माणूस कोण, तर मक्तेदार ज्यू. आपल्याकडे खोत आणि कुळे यांच्यात काय होत असे ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्यात खोत वेगळ्या धर्माचा आणि वेगळी भाषा बोलणारा असता तर काय झाले असते, एवढी कल्पना करा. १६४८ मध्ये युक्रेनमध्ये कोसॅक सरदार ख्मेलनित्स्कीचा उठाव झाला तेव्हा हजारो ज्यू कापले गेले. म्हणजे आसरा आणि धोका हे दोन्ही इथे पहिल्यापासून शेजारी शेजारी नांदत होते.

हे सगळे पुस्तकात वाचण्यापेक्षा काझिमिएशच्या गल्ल्यांत चालताना चांगले कळते. काझिमिएश म्हणजे क्राकूवच्या जुन्या चौकापासून वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवरची वस्ती. त्याच राजाने १३३५ मध्ये वेगळे शहर म्हणून वसवली. १४९५ मध्ये क्राकूवमधल्या ज्यूंना उठवून इथे पाठवले गेले. तिथे शेरोका नावाचा लांबट चौक आहे. त्याच्या एका टोकाला जुने सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, जे आता संग्रहालय आहे, आणि मधल्या भागात रेमू सिनेगॉग, जिथे आजही प्रार्थना होते. रेमू म्हणजे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोशे इस्सर्लेस, मृत्यू १५७२. त्यांच्या काळात पूर्वेकडे राहणाऱ्या योसेफ कारो या विद्वानाने ज्यू धर्माचरणाच्या नियमांचा मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याचे नाव ठेवले 'मांडलेले मेज'. रेमूंनी पाहिले की यात पोलंड-जर्मनीकडच्या ज्यूंच्या चालीरीती आल्याच नाहीत. त्यांनी नवा ग्रंथ लिहिला नाही. त्याच ग्रंथावर टिपणे लिहिली आणि नाव दिले 'मेजपोश'. आजही जगभर हे दोन्ही एकत्रच छापले जातात. आपल्याकडे मिताक्षरेवर टीका लिहिणारे पंडित आठवतील तुमच्या वडिलांना. मी ही गोष्ट सांगते तेव्हा बहुतेक मराठी माणसांचा चेहरा उजळतो. ग्रंथ, भाष्य, भाष्यावर भाष्य आणि त्यावरून रात्र रात्र वाद. ज्यू म्हणजे सिनेमातला पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतला कैदी एवढेच मनात असते, ते तिथे पहिल्यांदा बदलते.

रेमू सिनेगॉगला लागून दफनभूमी आहे. तिच्या भिंतीत फुटलेल्या थडग्यांचे तुकडे बसवलेले आहेत, कारण जर्मनांनी ती उखडली होती. थडग्यांवर लोक फुले वाहत नाहीत, छोटे दगड ठेवतात. मुलीला एक दगड उचलून ठेवू द्या. पुरुषांनी डोके झाकायचे असते, टोपी सोबत ठेवा. शनिवारी शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या वारामुळे, हे बंद असते, दिवस ठरवताना तेवढे बघा.

मग जवळच्या गल्ल्यांत जुन्या घरांच्या दारांच्या चौकटी बघत फिरा. उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, लाकडात किंवा दगडात एक तिरपी खाच कुठे कुठे दिसते. तिथे मेझुझा होती. धर्मग्रंथातल्या ओळी लिहिलेल्या चर्मपत्राची छोटी डबी, घरात जाता-येता तिला हात लावायचा. डबी गेली, खाच राहिली. शंभर माहितीफलक वाचून जे होत नाही ते त्या खाचेवर बोट ठेवून होते. खाच दिसेलच असे नाही. रंगरंगोटीत दरवर्षी काही बुजतात, आणि मला ते फार लागते.

भूक लागली तर बायगेल घ्या, मधे भोक असलेला पाव. त्याचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख क्राकूवच्याच ज्यू समाजाच्या १६१० मधल्या नियमांत आहे.

दुसरा पडाव वॉर्सा. आठ दिवसांत दोन दिवस तिथे काढाच. गाडीने क्राकूवहून अडीच-तीन तासांत पोचता. मुरानूव भागात पोलिन संग्रहालय आहे. त्याचे मुख्य दालन २०१४ मध्ये उघडले. तिथे हजार वर्षांची गोष्ट आहे आणि संहार हा तिचा एक भाग आहे, अख्खी गोष्ट नाही. मध्येच एका लाकडी सिनेगॉगचे रंगवलेले छत पुन्हा उभारले आहे, प्राणी, पक्षी, राशी. तिथे मुले माना वर करून उभी राहतात ती हलत नाहीत. किमान चार तास ठेवा.

बाहेर आल्यावर मुरानूवच्या इमारती नीट बघा. काही घरे रस्त्याच्या पातळीपेक्षा उंचावर आहेत, पायऱ्या चढून जावे लागते. खाली घेट्टोचा, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना कोंडले होते त्या वस्तीचा, ढिगारा आहे. १९४३ च्या उठावानंतर जर्मनांनी सगळा भाग जमीनदोस्त केला. युद्धानंतर एवढा मलबा हलवणे शक्य नव्हते, म्हणून त्याच्यावरच, आणि त्याच्याच विटा वापरून, वसाहत बांधली. आज तिथे लोक भाजी चिरतात, मुलांचा अभ्यास घेतात. मला हे विचित्र वाटायचे. आता वाटत नाही. शहर पुन्हा वसायलाच हवे होते. फक्त आपण कशावर उभे आहोत ते तिथल्या माणसाला ठाऊक असावे, आणि आता बहुतेकांना ते ठाऊक असते. १९ एप्रिलला, घेट्टोच्या उठावाच्या दिवशी, वॉर्सात हजारो लोक छातीवर कागदी पिवळे डॅफोडिल लावून फिरतात. उठावातून वाचलेले मारेक एदेलमान पुढे वूजमध्ये हृदयरोगतज्ज्ञ झाले. ते दरवर्षी स्मारकाला पिवळी फुले वाहत, त्याची ही आठवण.

वॉर्सातल्या दोन गोष्टी तुमच्या मुलांसाठी. पहिली, यानुष कोर्चाक. डॉक्टर, अनाथाश्रम चालवणारे, मुलांना स्वतःचे हक्क असतात हे त्या काळी ठासून सांगणारे. घेट्टोत त्यांच्या आश्रमात सुमारे दोनशे मुले होती. १८ जुलै १९४२ ला त्या मुलांनी रवींद्रनाथांचे 'डाकघर' नाटक केले. आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट बघतो, ते. चार दिवसांनी ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला कोर्चाक मुलांबरोबर गाडीत चढले. त्यांना स्वतःला वाचवण्याची संधी मिळत होती, ती त्यांनी घेतली नाही. दुसरी, रिंगेलब्लूम यांचा गुप्त दफ्तरखाना. घेट्टोत राहून या इतिहासकाराने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायऱ्या, रेशनची कार्डे, शाळेचे निबंध, चॉकलेटचे कागद असे जे जे मिळेल ते गोळा केले आणि पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरले. १९४६ मध्ये एक साठा सापडला, १९५० मध्ये दुसरा. त्यातला एक कॅन वॉर्सातल्या ज्यू इतिहास संस्थेत ठेवला आहे. उद्या आपण नसू, पण आपण कसे जगलो हे आपल्याच शब्दांत कळावे, एवढ्यासाठी माणसे उपाशीपोटी कागद लिहीत होती.

आता तुमच्या मित्रांचा वाद. इथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल.

१७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन खेपांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने हा देश वाटून घेतला. १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, पोलंड नकाशावरच नव्हता. आपण 'पानिपत झाले' म्हणतो. यांच्याकडे दर पिढीला एक पानिपत आहे: १७९४ चा उठाव, १८३० चा, १८६३ चा, आणि शेवटी १९४४ चा वॉर्साचा उठाव, जो ६३ दिवस चालला आणि त्यानंतर अख्खे शहर उद्ध्वस्त केले गेले. हे सगळे उठाव हरले, आणि तरीही सगळे साजरे होतात. १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता वॉर्सात भोंगे वाजतात आणि गाड्या, बस, चालणारी माणसे असतील तिथे थांबतात. पोलिश माणसाच्या चेहऱ्यावरचा जो ताठरपणा तुमच्या मित्राला तुसडेपणा वाटला, त्यात या इतिहासाचा मोठा वाटा आहे. पुढे कम्युनिस्ट राजवटीत भर पडली ती अविश्वासाची. दुकानात, कार्यालयात, रस्त्यावर उगाच हसायचे नाही. हसणे ओळखीच्या माणसासाठी.

पण एकदा घरी बोलावले की चित्र पालटते. 'गोश्च व दोम, बूग व दोम' अशी त्यांची म्हण आहे: पाहुणा घरात आला म्हणजे देव घरात आला. वेगळे भाषांतर मला कधी करावे लागले नाही. नाताळच्या आदल्या रात्री प्रत्येक घरात टेबलावर एक ताट जास्तीचे मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. कोणाकडे गेलात तर चपला दारात काढा आणि फुले न्या, विषम संख्येत. 'कसं काय?' हे मात्र उगाच विचारू नका, कारण पोलिश माणूस खरोखर सांगतो. 'स्तारा बिएदा', म्हणजे जुनीच दैना, इथपासून सुरुवात होते आणि पेन्शन, गुडघे, सरकार असे सगळे येते. माझ्या वाड्यातल्या पुण्याच्या काकांची मला आठवण येते. पोलिश व्याकरणात आपल्यासारखीच संबोधन विभक्ती आहे, आणि अनोळखी माणसाला 'अहो' म्हणतात तसे 'पान' आणि बाईंना 'पानी' म्हणावे लागते. तेवढे दोन शब्द वापरा, समोरचा चेहरा लगेच सैलावतो.

याच १२३ वर्षांत आणखी एक गोष्ट घडली आणि तुमच्या प्रश्नाची गाठ तिथे आहे. राज्य परक्याचे, बऱ्याच भागांत शाळा परक्या भाषेत. स्वतःचे म्हणून उरले ते घर आणि चर्च. त्यामुळे 'पोलिश म्हणजे कॅथलिक' हे समीकरण घट्ट झाले. १५७३ मध्ये सगळ्या पंथांना अभय देणारा करार करणाऱ्या देशात हे आधी इतके घट्ट नव्हते. देश पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याच्या लोकसंख्येत दर दहांत एक माणूस ज्यू होता. वॉर्सात आणि लुब्लिनमध्ये जवळपास तीनात एक. समीकरणात ही माणसे बसत नव्हती. दोन महायुद्धांमधल्या काळात ज्यू दुकानांवर बहिष्काराच्या मोहिमा झाल्या, १९३७ पासून काही विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना वेगळ्या बाकांवर बसवले गेले. हे जर्मन येण्याच्या आधीचे आहे आणि ते पोलंडचे स्वतःचे आहे.

मग १ सप्टेंबर १९३९ ला पश्चिमेकडून हिटलर आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिन. तुमचे वडील कोल्हापूरचे, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांनी वळिवड्याच्या पोलिश छावणीबद्दल ऐकले असेल. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत सत्तेने सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलेली ती कुटुंबे. १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटून इराणमार्गे भारतात पोचली. तीच जागा पुढे सिंधी निर्वासितांना दिली गेली, आजचे गांधीनगर. ही गोष्ट वडिलांना इथे सांगायला सांगा. वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे, आणि पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या जामनगरच्या जामसाहेबांच्या नावे 'चांगल्या महाराजांचा चौक'. कोल्हापूरहून आलो म्हटल्यावर डोळे भरून आलेली म्हातारी माणसे मी पाहिली आहेत.

वळिवड्याचा उल्लेख मी अभिमानासाठी करत नाही. पूर्व पोलंडच्या त्या कुटुंबांसाठी सोव्हिएत म्हणजे हद्दपारी, भूक आणि मृत्यू. त्याच गावांतल्या ज्यू शेजाऱ्यासाठी सोव्हिएत रणगाडा म्हणजे 'निदान जर्मन तरी नाहीत'. ज्यूंनाही सैबेरियात पाठवलेच, आणि युद्धात वाचलेल्या पोलिश ज्यूंपैकी बहुतेक जण सोव्हिएत हद्दीत होते म्हणूनच वाचले. एकाच गल्लीत एकाच दिवसाच्या दोन उलट आठवणी. त्यातून 'ज्यू कम्युनिस्टांना मिळाले' हा आरोप पसरला, आणि १९४१ मध्ये जर्मन पूर्वेकडे सरकले तेव्हा त्याने जीव घेतले. १० जुलै १९४१ ला येद्वाब्ने या छोट्या गावात पोलिश शेजाऱ्यांनी ज्यूंना कोठारात कोंडून जाळले. सरकारी चौकशीने मृतांचा आकडा किमान ३४० सांगितला. जर्मनांची चिथावणी होती, हात मात्र शेजाऱ्यांचे होते. मी वर जे कारण दिले ते समजण्यासाठी आहे. त्याने माफी मिळत नाही.

आता दुसरी बाजू, तितक्याच ठामपणे. पोलंडमध्ये हिटलरला साथ देणारे सरकार उभे राहिले नाही. ज्यूला आसरा दिला तर मृत्युदंड, असा जर्मनांचा हुकूम इथे होता, आणि तो घरातल्या सगळ्यांवर बजावला जाई. २४ मार्च १९४४ ला मार्कोवा गावात उल्मा नावाच्या शेतकरी कुटुंबाला त्यांनी लपवलेल्या आठ ज्यूंसकट मारले, सहा लहान मुलांसह, आई गरोदर. तरीही ज्यूंना वाचवल्याबद्दल इस्राएलने ज्यांना गौरवले त्यांत सर्वांत जास्त माणसे पोलिश आहेत, सात हजारांहून अधिक. ज्यूंना मदत करण्यासाठीच काढलेली एक गुप्त संघटना इथे होती. आणि त्याच शहरांत लपलेल्या ज्यूंना हेरून पैसे उकळणारेही होते. सुमारे तीस लाख पोलिश ज्यू मारले गेले, दहातले नऊ. शिवाय ज्यू नसलेले लाखो नागरिक.

आणि युद्ध संपल्यावर? ४ जुलै १९४६ ला किएल्त्से शहरात, एका मुलाला ज्यूंनी पळवल्याच्या खोट्या अफवेवरून, संहारातून वाचलेल्या ४२ ज्यूंना जमावाने आणि शिपायांनी मारले. त्यानंतर हजारोंनी देश सोडला. १९६८ मध्ये कम्युनिस्ट सरकारने उरलेल्यांविरुद्ध मोहीम चालवली, आणखी हजारो गेले. त्याच राजवटीत स्मारकांवर 'नागरिक मेले' एवढेच लिहायची पद्धत होती, ज्यू हा शब्द टाळून. म्हणून साठीच्या पुढचा एखादा टॅक्सीवाला तुम्हाला सांगेल की ऑशविट्झ ही पोलिश हौतात्म्याची जागा. तो खोटे बोलत नाही. कैद्यांचा पहिला मोठा गट पोलिशच होता आणि तिथे सत्तर हजारांहून अधिक पोलिश मेले. पण मारल्या गेलेल्या सुमारे ११ लाखांत जवळपास १० लाख ज्यू होते, हे त्याच्या शाळेने त्याला सांगितले नव्हते. त्याच्याशी वाद घालू नका, त्याच्या घरातले कोण गेले ते विचारा. तिशीतली गाइड मात्र येद्वाब्नेबद्दल स्वतःहून बोलेल. म्हणून तुम्हाला कोण भेटते यावर तुमचा अनुभव बराच ठरेल.

तर दोन्ही मित्र खरे आहेत, आणि दोघांनी अर्धेच सांगितले.

आता ऑशविट्झबद्दल कामाचे. प्रवेश विनामूल्य आहे पण वेळ आधी नावानिशी नोंदवावी लागते. सोबत पासपोर्ट हवा. मार्गदर्शकासह साडेतीन तास लागतात. तिथले व्यवस्थापनच चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नका असे सुचवते, आणि मी ते काटेकोर पाळते. मुलीला आजोबांबरोबर क्राकूवमध्ये ठेवा. वावेल किल्ल्याखालचा आग ओकणारा ड्रॅगन त्यांना पुरेल. आजोबांना यायचे असेल तर तुमच्यापैकी एकाने मुलीबरोबर थांबायचे. बिर्केनाऊ, म्हणजे छावणीचा दुसरा भाग, अफाट आहे, उघड्यावर, चालणे बरेच, नोव्हेंबरचा वारा बोचरा. त्यांच्या गुडघ्यांचा विचार करा. मुलाला न्या, पण आदल्या दिवशी त्याच्याशी बोला आणि नंतरची संध्याकाळ मोकळी ठेवा. त्या रात्री रेस्टॉरंटचे आरक्षण, खरेदी काही नको. केसांच्या दालनात फोटो काढायचे नाहीत, रेल्वेच्या रुळांवर उभे राहून तर मुळीच नाही.

काही गोष्टी मराठी माणसांनाच सांगाव्या लागतात म्हणून स्पष्ट लिहिते. बॅगेवर, टी-शर्टवर, गळ्यात स्वस्तिक असेल तर घरी ठेवा. आपल्यासाठी ते मंगल आहे, मला ठाऊक आहे, पण तिथे कोणाला समजावत बसण्याची ती जागा नाही, आणि नाझी प्रचार हा पोलंडमध्ये गुन्हा आहे. 'आमचे मुख्याध्यापक अगदी हिटलर होते' असे हसत बोलण्याची आपल्याला सवय आहे, ती आठ दिवस सोडा, आणि जमले तर कायमची. 'पोलिश छावणी' म्हणू नका. छावणी जर्मनांची, व्याप्त पोलंडमधली. युनेस्कोने २००७ मध्ये नावातच 'जर्मन नाझी' हे शब्द घातले, आणि पोलिश माणसाला हा फरक जिवापाड महत्त्वाचा आहे.

बाजारात नाणे मोजणाऱ्या ज्यूची छोटी मूर्ती किंवा चित्र दिसेल. घरात लावले की पैसा येतो अशी समजूत आहे. विकणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असे नाही, बहुतेकांना तो शकुनच वाटतो. तरी घेऊ नका. जी माणसे शहरातून नाहीशी झाली त्यांची पैसे मोजणारी बाहुली दिवाणखान्यात ठेवणे मला बघवत नाही.

क्रम असा ठेवा: पहिले दोन दिवस क्राकूव आणि काझिमिएश, मग वॉर्सात दोन दिवस, परतीच्या वाटेवर जमल्यास लुब्लिनमध्ये एक, आणि ऑशविट्झ सहाव्या दिवशी. लुब्लिनमध्ये ग्रोद्स्का वेशीत एक संस्था आहे. युद्धापूर्वी शहरात जे सुमारे ४३ हजार ज्यू राहत, त्यांतल्या प्रत्येकासाठी त्यांनी एकेक फाइल केली आहे. कित्येक फाइली अजून रिकाम्या आहेत. तिथले कर्मचारी बहुतेक कॅथलिक घरांतले आहेत, आणि कोणाचे नाव, पत्ता, फोटो सापडला की फाइलीत घालत राहतात.

तिकिटे अजून काढली नसतील तर ३१ ऑक्टोबरच्या आत क्राकूवला पोचा. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. सगळा देश दफनभूमीत जातो, साडेचारच्या सुमारास अंधारू लागते आणि टेकड्याच्या टेकड्या काचेतल्या दिव्यांनी उजळतात. आधी ते बघा. दुसऱ्या दिवशी, शनिवार नसेल तर, मिओदोवा रस्त्यावरच्या नव्या ज्यू दफनभूमीत जा. ती १८०० सालची. तिथे दिवा लावायला येणारी कुटुंबे फारशी उरलेली नाहीत. गेल्या वर्षी मी गेले तेव्हा फाटकाजवळच्या ओळीत सात दिवे होते. राखणदाराला विचारले, कोणी लावले? तो म्हणाला, समोरच्या इमारतीतल्या बाई, त्यांच्या खिडकीतून ही थडगी दिसतात.